पायावरचं पाणी

१

सकाळी उठलो की मी आधी माशांना खायला घालतो आणि मग माझ्या गोळ्या घेतो. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, अशी एक समजूत निवृत्त माणसाला लागते. कुत्रा पाळला तर फिरवावा लागतो, आणि नातवंडं पुण्याला असतात. मासे जागेवर असतात आणि बोलत नाहीत. पाटबंधारेच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी केल्यावर न बोलणारा सोबती ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते माझं मला ठाऊक.

काचेची टाकी मुलीनं, वैष्णवीनं पाठवली. "बाबा दिवसभर नुसते बसून असतात," अशी तिच्या आईनं फोनवर तक्रार केली होती. आता मी टाकीसमोर बसून असतो.

टाकीत निऑन टेट्रा आहेत, लातूरच्या दुकानातून आणलेले. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंगावर झगझगीत निळी रेघ, तिच्याखाली शेपटीकडं तांबडा पट्टा. हा मासा एकटा ठेवायचा नसतो. तो थव्यानं राहतो आणि थव्यानंच वळतो. वळताना आधी कोण वळतं ते शोधण्यात मी बरेच दिवस घालवले. आधी कोणीच वळत नाही. साहेबांची जीप फाटकात शिरली की आमची कचेरी अशीच वळायची.

घर अंबाजोगाईत, गावाच्या कडेला असलेल्या कॉलनीत. बाहेरच्या दारातून आत आलं की बैठकीची खोली. दारासमोरच्या भिंतीला टाकी, टाकीसमोर थोडं अंतर सोडून माझी वेताची खुर्ची, डाव्या हाताला स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात माझी बायको, वनमाला. आमचं भांडण नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. ती म्हणायची "चहा", मी म्हणायचो "हं". एवढ्यावर दिवस भागायचा आणि मला वाटायचं, चांगलं भागतंय.

मी दारातून आत आलो की मासे ओळखतात. सगळा थवा पुढच्या काचेशी येतो आणि तोंडं वर करून थांबतो.

"चला," वनमाला म्हणायची, "तुमाला बघून खूश होणारं घरात कुणीतरी हाय."

२

मे महिन्यात विजयसिंह वारला. कचेरीत तो समोरच्या टेबलावर बसायचा. गाव घाटनांदूर. मी मातीला गेलो, कारण कोण आलं नाही ते लोकांच्या जास्त लक्षात राहतं. रडणारे रडत होते, मी सावली बघून उभा होतो. परतीच्या एसटीत मी त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर पेनाचं टोपण चावायची त्याची सवय तेवढी आठवली. मला काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

आमच्याकडं मातीहून आलेल्या माणसानं तसंच घरात शिरायचं नसतं. उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली ठेवलेली असते, तिच्यात कडुलिंबाची डहाळी. पायावर पाणी घ्यायचं, मागं न बघता आत यायचं आणि सरळ न्हाणीत जायचं. वनमालानं बादली ठेवलेलीच होती.

"आलात? पायावर पाणी घ्या आधी," ती आतून म्हणाली.

"घेतो."

तेवढ्यात उघड्या दारातून मला टाकी दिसली. सकाळपासून लाईट नव्हती. पाण्यात हवा सोडणारी मोटर बंद, दिवा बंद, आणि सगळा थवा पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होता. उन्हाळ्यात मी एरवी बर्फाची बाटली टाकीत सोडतो, पण लाईट नाही म्हटल्यावर फ्रीजमधल्या बर्फाचंही पाणी झालेलं. नळ येऊन पुष्कळ दिवस झाले होते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चाललं असतं इतकं तापलेलं. घरात गार पाणी एकच होतं, रांजणातून काढून सावलीत ठेवलेलं, उंबऱ्यावरचं.

मी डहाळी उचलून अंगणात टाकली आणि बादली घेऊन तशाच पायांनी आत गेलो. एकदम गार केलं तर मासे दगावतात, एवढं मी वाचलेलं होतं. टाकीतलं गरम पाणी थोडं काढून बादलीतलं तांब्या-तांब्यानं सोडलं. थव्याची तोंडं एकेक करून खाली गेली. मी वर झाकण लावलं.

वनमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अहो, ते कावून आत आणलं?"

"मासे मरायले होते."

"मातीचं पाणी होतं ते."

"रांजणातलं होतं. तूच भरलंस."

"पायावर घ्यायचं, अन् जे काय मागं आलं असंल ते बाहेरच सोडायचं. तुमी घरात ओतलंत." ती टाकीकडं बघत होती. "वर झाकण लावलंत."

पाणी म्हणजे पाणी, असं मी म्हणालो. शास्त्र माझ्या बाजूनं होतं. एकही मासा मेला नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून वर्तमानपत्र घेऊन मी आत आलो. थवा नेहमीसारखा पुढं आला, तोंडं वर. मी खाद्याच्या डबीकडं हात नेला. आणि थवा फुटला.

फुटला म्हणजे एका क्षणात नाहीसा झाला. पाणी ‘टप्प’ वाजलं आणि सगळे मासे मागच्या कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून, रंग उडालेले. घाबरला की हा मासा फिका पडतो. सगळे एकाच दिशेला तोंड करून होते, माझ्याकडं. नीट बघितलं तर माझ्याकडंही नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडं.

मी वळून बघितलं. दार, दारातलं ऊन, फाटक.

हात जोरात गेला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी भाजी घेऊन आलो तेव्हा हात खिशात ठेवले. थवा पुढं आला. मी हललो नाही. उंबरा ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ गेला आणि थवा फुटला.

पुढचे काही दिवस हेच. मी आलो की खुशी, आणि मग जरा मागून भीती. मी खोलीतच बसून असलो तर काही नाही, आपले फिरत राहायचे. बाहेर जाऊन आलो की हा प्रकार. जणू मी आत यायचो, आणि मग आणखी कोणीतरी यायचं.

हे ‘जणू’ मी स्वतःशीसुद्धा हसत म्हणालो. पुस्तकं वाचलेल्या माणसाला अशा उपमा सुचतात. त्या औषधाच्या गोळ्यांसारख्या असतात, दोनदा घ्यायच्या नसतात.

४

कारणं पुष्कळ होती. कडुलिंबाचा कडूपणा पाण्यात उतरला असेल. म्हणून मी पाणी बदललं, नळाचं दोन दिवस उघडं ठेवलेलं. चपलांचा हादरा असेल. म्हणून अनवाणी आलो. साखरेच्या दुखण्यानं माझ्या पावलांना पुष्कळ दिवसांपासून काही कळत नाही, तेव्हा मीच कसा चालतो याची मला खात्री नव्हती. पांढऱ्या सदऱ्याऐवजी निळा घातला. मागून येणारा उजेड अडावा म्हणून दाराला पडदा लावला. थवा पुढं यायचा, थांबायचा आणि फुटायचा.

शेवटी शेजारच्या बबनरावला बोलावलं. त्याची शेती माजलगावला, ऊस कारखान्याला घातला की वर्षभर दुसऱ्यांच्या घरी चहा प्यायला तो मोकळा.

"मासे बघायला कुणी बोलवतंय का बे? खायला बोलव," म्हणत तो दारातून आत आला. टाकीपर्यंत गेला, काचेवर टिचकी मारली. मासे त्याच्याकडं ढुंकूनही न बघता फिरत राहिले.

"आता इथंच थांब," मी म्हणालो. मी बाहेर फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

थवा पुढं आला.

"आयला, वळखतेत की! लई लाडाची हायत तुझी..." एवढं तो म्हणाला आणि ‘टप्प’ झालं. बबनराव कोपऱ्यात चिकटलेल्या थव्याकडं बघत राहिला. मग त्यानं मासे बघत होते तिकडं बघितलं.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काय न्हाई बे."

"मग काय बघायलास?"

"ती बघायलीत म्हणून बघितलं." तो टाकीपासून मागं सरकला. "घाटनांदूरहून कधी आलास तू?"

"झाले की दिवस."

"हां," तो म्हणाला.

वनमालानं चहा आणला तो त्यानं उभ्यानंच अर्धा प्यायला. दार चांगलं मोठं आहे आमचं. पण जाताना तो मधून गेला नाही. गच्च भरलेल्या एसटीत उभ्या माणसाला वाट देत उतरावं, तसा अंग चोरून कडेकडेनं गेला.

५

दुपारी कॉलनी मेल्यासारखी असते. खिडक्यांना गोणपाटं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा एका दुपारी वनमाला आत झोपलेली असताना मी पाठमोरा घरात शिरलो.

कल्पना साधी होती. मागून काही येत असेल तर तोंड मागं करून यावं. निवृत्त कारकून टळटळीत उन्हात फाटकापासून दारापर्यंत उलटा चालतोय, हे दृश्य कोणी बघितलं असतं तर पेन्शन बंद झाली असती. मी एक हात चौकटीला लावून उंबरा ओलांडला. नजर अंगणावर. अंगणात ऊन, तुळशीचं वृंदावन, दोरीवरची लुगडी. काहीही आलं नाही. हललंही नाही काही. लुगडीसुद्धा नाही.

मी हसलो. चांगला मोठ्यानं.

पाठीमागं ‘टप्प’ वाजलं.

मी लगेच वळलो नाही. अंगणाकडं बघत राहिलो आणि हिशेब मांडला. जे काही होतं ते अंगणात नव्हतं, कारण अंगण मला पूर्ण दिसत होतं. मी उलटा चाललो म्हणून ते काही थांबून राहिलं नव्हतं. मी आणि टाकी यांच्यामध्ये खोली होती, चार पावलांची, आणि ती माझ्या पाठीशी होती.

वळलो तेव्हा खोलीत खुर्ची होती आणि टाकी होती. थवा या वेळी कोपऱ्यात नव्हता. पाण्याच्या मध्यावर घट्ट गोळा होऊन तो खुर्चीकडं बघत होता.

खुर्चीचं वेत करकरलं. उन्हाळ्यात वेत वाजतं. वाळलं की वाजतंच.

६

मासा कशालाही सरावतो. आधी तो कोपऱ्यात पळायचा, मग अर्ध्या वाटेत थांबायला लागला, मग नुसता दचकायचा. मला बरं वाटलं. वेळ देणं हा पुष्कळ गोष्टींवर उपाय असतो, हे मी नोकरीत शिकलो होतो.

मग एका सकाळी मी फाटकातून येत होतो. दार उघडं होतं, आणि अंगणातूनच मला टाकी दिसली. थवा पुढच्या काचेशी आलेला, तोंडं वर, रंग असा की डोळ्यांत भरावा. मी अजून वृंदावनाशीच होतो. मासे हुशार झाले, लांबून ओळखतात, असं वाटून मी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

थवा फुटला.

मी उभाच राहिलो. मासे कोपऱ्यात, फिके, एकमेकांना चिकटून. या वेळी ते माझ्या खांद्यापलीकडं बघत नव्हते. सरळ माझ्याकडं बघत होते.

पाण्यावर खाद्य तरंगत होतं.

"वनमाला, माशांना तू घातलंस?"

"मी कशाला घालू? आत्ता तर घातलं की तुमी. डबी वाजली."

"मी बाहेर होतो."

"घालून गेले असाल." तिचा आवाज कोरडा नव्हता, थट्टेचा होता. "इसरायला लागलात आता."

म्हाताऱ्या माणसाला विसरण्याचा अधिकार आहे. मी तो बजावला. गोळ्यांची पट्टी बघितली तर त्या दिवसाची गोळी घेतलेली होती. तोंडात कडू चव नव्हती.

त्यानंतर रोज तसंच. मी कितीही लवकर उठलो तरी माशांचं खाऊन झालेलं असायचं. मी आत आलो की घाबरायचे. पाहुणा आधी येऊन बसावा आणि घरमालकानं मागून यावं, असं काहीसं व्हायला लागलं. घरमालकाला बघून मात्र कोणी उठून उभं राहत नव्हतं.

७

फिल्टरचा स्पंज मी मागच्या दारी धुतो. त्या दुपारी तो पिळत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून वनमालाचा आवाज येत होता. फोन असेल, असं वाटलं. वैष्णवीशी ती मोठ्यानं बोलते.

"...अन् आष्टीचा बाजार तेव्हा केवढा! आईचं बोट सुटलं माझं. मी रडले न्हाई पण. बायनाबाई म्हणून कासारीण होती, तिच्यापाशी जाऊन बसले. ती म्हणली, रडू नको गं, हात दे. अन् भरत सुटली बांगड्या. आई हुडकत येईपर्यंत कोपरापर्यंत हात भरले! आता पैसे कोण देणार? आईनं मला तिथंच धपाटा घातला, अन् काढून घ्या म्हणली. तर काढताच येईनात..."

ती हसली. खूप हसली. मग थोडा वेळ कोणीतरी काहीतरी विचारत असावं तशी गप्प राहिली.

"न्हाई हो, दिले की नंतर," ती म्हणाली.

स्पंजातलं पाणी माझ्या पायांवर पडत होतं. ती गोष्ट मी कधीही ऐकली नव्हती. ती लहानपणी आष्टीच्या बाजारात हरवली होती, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. फोनवर ती ‘हो’ कोणाला म्हणते, याचा मी विचार केला. वैष्णवीला ‘गं’ म्हणते. भावाला ‘रे’.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला होता. ती शेंगा सोलत बसली होती. तिच्यासमोर पाट मांडलेला, आणि पाटापुढं सोललेल्या शेंगांच्या टरफलांचा दुसरा ढीग.

तिनं वर बघितलं. हसू अजून तोंडावर होतं.

"कुठं गेलते मधूनच उठून?"

मी दारातच उभा राहिलो.

"बसा की. अर्ध्यातच राहिली गोष्ट." मग माझ्या हातातला स्पंज बघून तिचं हसू जरा कमी झालं. पूर्ण गेलं नाही. ज्याचं नाव आठवत नाही अशा माणसाकडं बघावं, तसं तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

८

दोन दिवस मी विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणालो, "परवा दुपारी तुझ्यापाशी मी नव्हतो."

"मग कोण होतं? बबनराव?" ती पदर तोंडाला लावून हसली.

"मी मागच्या दारी होतो. स्पंज धूत."

"बरं."

"वनमाला, मी चेष्टा करत नाही."

ती भाकरी वाढता वाढता थांबली. "हे बघा," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमी माझ्याशी एवढं बोललात का कधी? आताशा बसता, इचारता, ऐकून घेता. मला बरं वाटतंय. आता ते तुमी न्हाईत म्हणून सांगायलात. कशासाठी? मला बरं वाटू नाही म्हणून?"

मी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयत्न केला. चहा झाल्यावर कपडे वाळत घालायला तिच्या मागं मागं गेलो आणि म्हणालो, "ती बांगड्यांची गोष्ट सांग ना."

"सांगितली की."

"पुन्हा सांग."

"आता काय पुन्हा," ती लुगडं झटकत म्हणाली. तिनं ते दोरीवर टाकलं तेव्हा मी मध्ये होतो. ओलं लुगडं माझ्या तोंडावर आलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मग मी मासे देऊन टाकायचं ठरवलं. हे शहाणपणाचं नव्हतं, हे मला कळत होतं. मासे काही करत नव्हते, फक्त सांगत होते. पण सांगणारं कोणी नसलं की पुष्कळ गोष्टी सोसता येतात. बबनरावला हाक मारून कुंपणावरून विचारलं.

"नगं," तो म्हणाला. टाकी नको, की मी तिथं उभा राहायला नको, ते त्यानं सांगितलं नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता. आमच्या घराच्या खिडकीकडं बघत होता, आणि त्यानं तिकडं हात वर केला. ओळखीच्या माणसाला करावा तसा.

मी घरात आलो. लातूरच्या दुकानदाराला फोन लावायला निघालो तर वनमालाच म्हणाली, "मासे द्यायचे न्हाईत म्हणलं की तुमीच सकाळी. अन् तेच बरोबर हाय. मलाबी सवय झाली त्यांची."

"मी म्हणालो?"

"मग? म्हणले, मासे हायत म्हणून मी हाय इथं." ती लाजल्यासारखी झाली. "काईबी बोलता आताशा."

९

आज सकाळी मी फिरून आलो. फाटकाची कडी लावली. चपला काढल्या. दार उघडं होतं.

थवा टाकीच्या मध्ये फिरत होता. मी उंबरा ओलांडला. तो पुढं आला नाही. फुटलाही नाही. मी टाकीपर्यंत गेलो. मासे वळले, आपल्या नेहमीच्या वळणावर, सगळे एकदम, आणि माझ्या नाकासमोरून निघून गेले. मी काचेवर टिचकी मारली. बबनरावनं मारली होती तशी. काही झालं नाही. मी तळहात काचेला लावला, मग दुसराही लावला. माझ्या बोटांमागून निळ्या रेघा गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. माझे हात त्यांना अडथळा नव्हते आणि आमंत्रणही नव्हते.

"वनमाला," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी पुन्हा हाक मारली. जरा मोठ्यानं. ती काहीतरी गुणगुणत होती. लग्नाआधीचं असावं. माझ्या ओळखीचं नव्हतं.

मग थवा थांबला.

सगळे मासे एकदम थांबले, तोंड माझ्याकडं, आणि सरळ पुढं आले. माझ्या दोन तळहातांच्या मधल्या जागेत गोळा झाले, तोंडं वर करून. रंग असे चढले की काच निळी दिसायला लागली. मला आनंद झाला, असं मी म्हणेन. फार दिवसांनी काहीतरी झालं. मग माझ्या पाठीमागं वेताची खुर्ची वाजली, भार पडल्यावर वाजते तशी.

मी वळलो नाही. टाकीच्या मागच्या काचेला काळा कागद लावलेला आहे, त्यामुळं सकाळच्या उजेडात पुढच्या काचेत खोली दिसते. दार दिसलं. खुर्चीचा एक हात दिसला. बाकीचं माशांच्या आड होतं.

वनमाला बाहेर आली. काचेत ती माझ्या बाजूनं गेली, पदर माझ्या कोपराला घासून. तिच्या हातात कपबशी होती. केसांत तिनं मोगऱ्याचा गजरा माळला होता. गजरा कोणी आणून दिला, ते मी विचारणार होतो.

"आलात?" ती म्हणाली. "मी वाटच बघत होते."

"हं" म्हणायला मी तोंड उघडलं.

काचेत, माशांच्या निळ्या रेघांमधून, बशी पुढं झालेली दिसली. एक हात आला आणि त्यानं ती धरली. वनमालानं लगेच सोडली नाही. बोटं थोडा वेळ बोटांवर राहिली, आणि ती हसली.

माझे दोन्ही हात काचेवर होते.